सात वजा तीन आणि मगर

आमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत छातीइतकी उंच आहे. तिच्यावर एक फुटकी कुंडी, दोन वाळत घातलेली फडकी आणि साताऱ्यातल्या अर्ध्या पेठेच्या बातम्या असतात. सकाळी पोरांची रिक्षा गेली की शेजारची सूनबाई कढीपत्ता मागायला भिंतीशी येते. कढीपत्ता तिच्या दारातही आहे.

"बाई, छकुलीला शिकवणी लावायची म्हणतेय."

"पहिलीतल्या पोरीला? कशाची गं?"

"गणिताची. अहो, सात वजा तीन विचारलं तर नऊ म्हणते. आणि वर हसते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली. ज्याला उत्तर येत नाही ते पोर हसत नाही. ते नखं खातं, नाहीतर शू लागली म्हणतं. म्हटलं, "सराव कशावर करते?"

"मोबाइलवर. पण गेम नाही हं बाई, शिक्षणाचं ॲप आहे. एज्युकेशनल लिहिलंय त्याच्यावर."

संध्याकाळी छकुली मोबाइल घेऊन भिंतीवर चढून बसली. पडद्यावर तळं, तळ्यात दगड, पहिल्या दगडावर बदक. बरोबर उत्तर दिलं की बदक एक दगड पुढं सरकतं आणि एक बाई मरगळल्या आवाजात "गुड जॉब" म्हणते. बस्स.

"आता बघा बाई," असं म्हणत छकुलीनं मुद्दाम नऊवर बोट ठेवलं. पाणी खळबळलं. मगर वर आली, तिनं डोळे गरागरा फिरवले, बदक कचकन गिळलं, चार पिसं उडाली आणि मग दिली अशी दणदणीत ढेकर, की पोरगी हसून भिंतीवरून पडायची बाकी राहिली. "परत?" तिनं मलाच विचारलं.

पोरीला वजाबाकी येत होती. तिला मगर बघायची होती. खेळ करणाऱ्यानं सगळी कल्पकता चुकीच्या उत्तरावर उधळली, बरोबर उत्तराच्या वाट्याला मरगळलेली बाई आली, त्याला सहा वर्षांच्या पोरीनं काय करावं? अन् ही इकडं शिकवणीचे पैसे मोजायला निघालेली!

सूनबाईचा चेहरा मात्र उतरला. "शिकवणीचं जाऊ द्या हो बाई. जीव गेल्यावर हसते, ह्याचं काय?"

तिच्या सासूबाई, आमच्या आक्का, मेथी निवडत पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शी! लहान पोरांना दाखवायच्या गोष्टी आहेत का ह्या?"

मी खोडी काढली. "आक्का, काल रात्री म्हातारीला खायला टपलेला वाघ कोणी सांगितला?"

मेथीची जुडी तशीच हातात ठेवून आक्का म्हणाल्या, "आमच्या वाघाला शेवटी म्हातारी मिळत नाही!"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मी आपली सापशिडीवर गेले. तिथंही साप गिळतोच की. बुद्धिबळात तर प्यादी "मारतात" असंच म्हणतात. इंग्रजीच्या तासाला शब्द ओळखता आला नाही की फळ्यावर माणूस फासावर चढायचा. हँगमन म्हणून तो खेळ निम्म्या शाळांत चालायचा आणि कुणा पालकानं कधी हूं की चूं केलं नाही. पण सापानं गिळलं की आपण निमूट खाली उतरतो. ढेकर ऐकायला कुणी मुद्दाम सापाच्या तोंडात जात नाही.

शनिवारी भाचा पुण्याहून आला. तो असले खेळ करण्याच्याच धंद्यातला. भिंतीशी तिघीजणी दिसल्यावर त्याला चहाबरोबर श्रोतेही मिळाले. मगरीची हकिगत ऐकून तो म्हणाला, "मावशी, ही तक्रार माझ्याहून म्हातारी आहे." १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसला इतिहासाच्या एका शिकाऊ शिक्षकानं दोन मित्रांना हाताशी धरून वर्गासाठी ‘ओरेगन ट्रेल’ नावाचा खेळ केला. गेल्या शतकाच्याही आधी बैलगाड्यांनी पश्चिमेकडं निघालेल्या माणसांचा तो प्रवास. पडदासुद्धा नव्हता, सगळं कागदावर छापून यायचं. वाटेत शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द पटकन आणि बिनचूक टाइप करायचा. पुढं १९८५ च्या आवृत्तीत चित्रातली जनावरं आली, खऱ्यासारखं नेम धरणं आलं. पण कितीही जनावरं मारलीत तरी गाडीपर्यंत शंभर पौंडच मांस नेता यायचं. बाकीचं तिथंच टाकायचं.

"हे बरंय," आक्का म्हणाल्या. "हाव केली तर फुकट जातं, एवढं तरी कळतं पोरांना."

गणिताच्या एका गाजलेल्या खेळाचं नावच ‘मॅथ ब्लास्टर’. तो १९८३ चा. आणि मग भाच्यानं आम्हाला मुद्दाम एक खेळ लावून दाखवला, छकुलीला आत पिटाळून. २०१८ साली आलेला ‘बाल्डीज बेसिक्स’. नाव शिक्षणाचं, चित्रं जुन्या सीडीतल्या शैक्षणिक खेळांसारखी ओबडधोबड, वर्गात टकला हसरा मास्तर. शाळाभर पसरलेल्या सात वह्या गोळा करायच्या, प्रत्येकीत तीन गणितं. पहिली वही झाली, मास्तरनं कौतुक केलं, हातावर नाणं ठेवलं. दुसऱ्या वहीतलं तिसरं गणित म्हणजे नुसता आकड्यांचा चिखल. त्याला उत्तरच नाही. काहीही लिहा, चूकच. मास्तरचं हसू गेलं आणि हातात पट्टी आली. मग लांबलचक रिकाम्या व्हरांड्यात मागून पट्टीचा आवाज. फट. थोडं थांबून, फट. जितक्या चुका, तितकी पट्टी जलद.

हा भीतीचा खेळ आहे आणि शैक्षणिक खेळांची टिंगल म्हणूनच तो केलाय, हे जाणत्याला लगेच कळतं. नाव वाचून पोराच्या हातात फोन देणाऱ्या घाईतल्या आईला कसं कळावं?

मला मात्र त्या आवाजानं वेगळंच आठवलं. मीही पट्टी मारली आहे, खोटं कशाला सांगू. चौथीतल्या एका मुलाला, भागाकारासाठी. पुढं २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या सतराव्या कलमानं मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली आणि आमच्या पट्ट्या रेघा मारण्यापुरत्या उरल्या. शाळेतून गेलेली ती पट्टी फोनमध्ये अशी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

"पण ॲपवर वयाचा आकडा असतो ना?" सूनबाईनं विचारलं. "आमच्यावर तीन अधिक आहे."

तो आकडा गेम करणाऱ्यानं भरलेल्या प्रश्नावलीवरून निघतो, भाचा म्हणाला. हा खेळ तीन वर्षांच्या मुलाला शिकवतो, असं तो आकडा सांगत नाही. युरोपातल्या पेगी नावाच्या पद्धतीत तर विनोदी ढंगाची थोडी मारामारी ३ च्या शिक्क्यातही चालते. म्हणजे आमची मगर ढेकरेसकट पास. शिवाय फुकटच्या ॲपमध्ये दोन गणितांच्या मध्ये जाहिराती येतात, त्या वेगळ्याच. परवा बदकाच्या तळ्यानंतर कवटी फोडणारा कुणी बंदूकवाला आला, हे सूनबाईला तेव्हा कुठं आठवलं. तिला वाटलं होतं, पोरीनंच काहीतरी दाबलं असेल.

म्हणून पोरं गुंड होतील का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० साली म्हटलं की हिंसक खेळांमुळं माणसं खरोखरची हिंसा करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली एवढ्याशी थोडाफार संबंध दिसतो. सूनबाईचा जीव यानं जरा भांड्यात पडला. आक्कांचा नाही. त्या म्हणाल्या, "गुंड नाही होणार, कबूल. पण बदकाची कीव यायचं वय आहे गं ते."

मला आक्कांचं पटलं. आणि माझी स्वतःची भर अशी की चुकल्यावर मूल गिळलं जाऊ नये आणि चुकल्याबद्दल त्याला तमाशाचं बक्षीसही मिळू नये. चूक झाली की पुन्हा कर म्हणायचं, एवढंच असतं ते.

ॲप काढलं. शिकवणी लावली नाही. भिंतीवर चिंचोके मांडून मी छकुलीला सातातले तीन उचलायला सांगितले. "चार," ती म्हणाली, आणि थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी ढेकर देते का म्हणून.

तुमच्याही घरी असलं एखादं शिकवणारं ॲप असेलच. पोरं झोपली की ते उघडा, आवाज मोठा ठेवा आणि ओळीनं पाच उत्तरं मुद्दाम चुकवून बघा.