अजून येऊ द्या

गाडी मागे घेणाऱ्या माणसाइतका सार्वजनिक माणूस आपल्याकडे दुसरा नाही. पुढे जाताना कुणी ढुंकून बघत नाही. पण मागचा पांढरा दिवा लागला, की कुणी पानटपरीवरून, कुणी देवळाच्या पायरीवरून, कुणी अर्ध्या चहावरून उठून येतं आणि हात हलवू लागतं. त्यांना आपलं नाव ठाऊक नसतं, आपल्याला कुठे जायचंय तेही नाही; पण आपण कुठेतरी धडकू नये अशी त्यांची मनापासून इच्छा असते. एस.टी.चा कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर तळहाताने थापा मारत राही. थाप चालू आहे तोवर यायचं, थांबली की ब्रेक. ट्रकचा क्लीनर मध्यरात्रीच्या ढाब्यावर 'येऊ दे, येऊ दे' अशा सुरात ओरडे, की अंगणात झोपलेल्यांनाही आपल्यालाच कुणी बोलावतंय असं वाटावं. मध्यंतरी रिव्हर्स टाकला की सिनेमातली गाणी वाजवणारे हॉर्न निघाले होते. आमच्या कॉलनीतली एक फियाट रोज रात्री विरहगीत आळवत आपल्या हक्काच्या जागी परतायची.

हे सगळं आठवायला निमित्त झालं दाजींच्या कॅरव्हॅनचं. निवृत्त झाल्यावर दाजींनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्या पोटात संसार थाटला. पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, ताईच्या जुन्या साड्यांचे पडदे. मागच्या काचेसमोर कपाट आलं. परिणामी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात पूर्वी जिथे रस्ता दिसे, तिथे आता पोह्यांचा डबा दिसू लागला.

तसं अडत काही नव्हतं, कारण गाडी मागे घेताना ताई खाली उतरायचीच. लग्नानंतरच्या पहिल्या गाडीपासून हे खातं तिच्याकडे आहे. तिच्या दिशादर्शनात डावं-उजवं नसतं. ते गाडीचं की बघणाऱ्याचं, या वादात तिला पडायचंच नसतं. ती म्हणते, ''तुळशीकडे घ्या. आता थोडं जोश्यांकडे.'' घरी हे ठीक. परक्या गावात मात्र, ''त्या पिवळ्या साडीकडे घ्या,'' असं तिनं सांगावं आणि पिवळी साडी भाजी घेऊन चालू लागावी, असं होई. तरी दाजींचा बंपर आजवर शाबूत आहे. पण गुडघे कुरकुरू लागले, पायरी उंच वाटू लागली, आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला. ताईला तो मुळीच आवडला नाही.

तिला पटवायला दाजींनी बरंच वाचून काढलं. म्हणजे 1956 साली ब्यूइकनं सेंच्युरियन नावाच्या प्रदर्शनी मोटारीत आरशाऐवजी शेपटीत टेलिव्हिजनचा कॅमेरा बसवला होता. 1991 मध्ये जपानात टोयोटाच्या सोअररमध्ये तो आला. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागे निदान सेन्सर तरी लागतोच. ताई शेंगा सोलत राहिली. मग त्यांनी सांगितलं, की अमेरिकेत मे 2018 पासून नव्या मोटारींना हा कॅमेरा सक्तीचा आहे आणि त्यामागचा 2008 चा कायदा एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावानं ओळखला जातो. घराच्या वाटेवर वडील गाडी मागे घेत होते आणि ते मूल आरशात दिसण्याइतकं उंच नव्हतं. ताईचे हात थांबले. ''लावा मग,'' ती म्हणाली.

नाना पेठेतल्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, ''वायरवाला की वायरलेस?'' लांबलचक गाडी, तेव्हा वायरलेस बरा, असं दाजी म्हणाले. ''त्यालाही वायर लागते, काका. करंट कुठून येणार?'' या तत्त्वज्ञानापुढे आम्ही मान तुकवली आणि वायरवाला घेतला. खोक्यावर 170 अंश लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, ''अख्खी गल्ली दिसते.'' दाजी म्हणाले, ''मला गल्ली नकोय, खांब हवाय.'' त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. इतकं पसरट भिंग सगळं दाखवतं; पण हाताशी आलेला खांबही लांब देशीच्या नातेवाइकासारखा बारीक आणि दूर दाखवतं. आणखी एक ग्वाही होती, आयपी 67: मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी कॅमेरा टिकेल. त्या वेळी गाडी मागे घ्यायला दाजी कुठे असतील, यावर खोकं गप्प होतं.

बसवणारा मुलगा मात्र कसबी. पत्र्याला भोक पाडून त्यानं आधी कडा कानशीनं घासली, मग रबरी ग्रोमेट बसवलं, मग वायर छताच्या आतून ओढत, ओट्यावरच्या कप्प्यातून, पडद्यांच्या दांडीशेजारून थेट डॅशबोर्डपर्यंत आणली. रिव्हर्सच्या दिव्यातून त्यानं करंट घेतला. गिअर टाकला की कॅमेरा जागा. कॅमेऱ्याच्या शेपटाशी वायरीची दोन इवलीशी वेटोळी लोंबत होती. एक कापलं की चित्राचं डावं-उजवं पालटतं, दुसरं कापलं की पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा जातात. ''कापू?'' त्यानं विचारलं. दाजींनी दोन्ही वेटोळी राखली. त्या रेषा स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी सरळच राहतात, हे नंतर कळलं. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात तसंच असतं. कुठे वळायचं ते त्यांच्या गावीही नसतं.

पावसाळ्याच्या शेवटी आम्ही गुहागरकडे निघालो. एका पाणंदीत, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि समोरून जीप. दाजींनी रिव्हर्स टाकला. पडदा उजळला, आणि त्यावर निव्वळ तांबडं. भिंगावर कोकणचा चिखल बसला होता. तो पुसायला कुणीतरी उतरायला हवं होतं. ताई उतरली. पदरानं भिंग पुसलं. आणि उतरलेच आहे तर परत कशाला चढू, म्हणून तिथेच उभी राहिली.

आता पडद्यावर गडगे दिसत नव्हते. दिसत होती ती ताई. कॅमेरा उंचावर, म्हणून कपाळ मोठं आणि पावलं बाहुलीची. हलणारे हात भिंगाच्या कडांशी वाकून सगळी पाणंद कवेत घेत होते. गाडीबरोबर तीही एकेक पाऊल मागे सरके, त्यामुळे पिवळ्या रेषेवरून ती हलेचना. ''फणसाकडे घ्या!'' पडद्याला आवाज नव्हता, म्हणून दाजींनी काच खाली केली. जीपमधला एकजण उतरून आमच्या तोंडासमोर उभा राहिला आणि त्यानंही, कुणी न सांगता, ''येऊ द्या, अजून येऊ द्या,'' सुरू केलं.

जीप निघून गेली. ताई खिडकीशी आली. ''दिसलं का नीट त्यात?''

''तूच दिसत होतीस,'' दाजी म्हणाले.

''मग साडेतीन हजार कशाला घातलेत?''