गिटारवादकाची मंचावरील लागवड : काही शिफारशी

राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. उसाच्या दोन सऱ्यांत किती अंतर ठेवावं, कांद्याची रोपं कधी उपटावीत, गाभण गाईला काय चारावं, या सगळ्याला तिथे शिफारस मिळते. जर्सी, होल्स्टिन आणि गीर यांच्या तिहेरी संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय याच विद्यापीठानं दिली. दरवर्षी 'कृषिदर्शनी' निघते आणि भिंतीवरच्या पंचांगाइतक्याच विश्वासानं चाळली जाते. एवढं सगळं असून, ज्या तालुक्यात हळदीपासून अभीष्टचिंतनापर्यंत प्रत्येक मंगलप्रसंगी ऑर्केस्ट्रा लागतो, तिथल्या गिटारवादकानं आपल्या दोन पायांत किती अंतर ठेवावं याबद्दल एका ओळीची शिफारस नाही. हा अनुशेष अंशतः भरून निघावा म्हणून पुढील मार्गदर्शन. विद्यापीठाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उत्पन्न घटल्यास भरपाई मागायला तिकडे जाऊ नये.

वाणाची ओळख

आपल्या लोकांनी गिटार आधी पाहिली, मग ऐकली. १९७३च्या 'यादों की बारात'मध्ये ती झीनत अमानच्या हातात होती. वाजवली भूपिंदर सिंग यांनी. १९८०च्या 'कर्ज'मध्ये ती ऋषी कपूरच्या गळ्यात होती; बोटं गोरख शर्मांची, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांच्या धाकट्या भावाची. धरणारा एक, वाजवणारा दुसरा, अशी ही सरळ कामाची वाटणी. वाजवणारा मुंबईच्या स्टुडिओत, कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून आपलं काम करून घरी जायचा. धरणारा मान उडवायचा, गुडघे वाकवायचा, फिरत्या तबकडीवर उभा राहायचा. लोकांच्या डोळ्यांत राहिला तो धरणारा.

राहुरीच्या मंडपातला प्रेक्षक तुम्हाला याच मापानं मोजतो. त्याला दोष देऊ नका, कारण तुमचं वाजवणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ऑपरेटर आधी गायिकेचा आवाज लावतो, मग ऑक्टोपॅड, मग निवेदकाचा माईक (हा तर कायम उघडाच असतो), मग की-बोर्ड. एवढं करून मिक्सरवर काही शिल्लक राहिलं तर गिटार. तेव्हा ऋषी कपूर आणि गोरख शर्मा या दोघांचीही कामं तुम्हाला एकाच मानधनात करायची आहेत, आणि त्यातलं गोरख शर्मांचं काम फक्त तुम्हाला आणि ढोलकवाल्याला कळणार आहे.

कुणी म्हणेल, बसून वाजवलं तर? ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन रागदारी वाजवली, विश्वमोहन भट्टांना बसल्या बैठकीत १९९४ साली ग्रॅमी मिळालं. मान्य. पण वांबोरीच्या हळदीत गिटारवाला बसलेला दिसला की बायका चौकशी करतात, "भाऊंना बरं नाही का?" आणि आतून सरबत येतं.

जमीन व पूर्वमशागत

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं केली त्यानं ट्रॉल्यांचं स्टेज पाहिलेलं नसावं. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, वर फळ्या टाकायच्या, त्यावर हिरवं कार्पेट अंथरायचं. दोन्ही ट्रॉल्यांची उंची सारखी असेल असं कुणी कबूल केलेलं नसतं. मधे जी फट राहते ती कार्पेटखाली दडते आणि रात्री नऊला, गाणं रंगात आलं की, तुमचा पाय शोधून काढते.

म्हणून दुपारीच जा. चप्पल काढून सगळं स्टेज एकदा पायांनी चाचपून घ्या. फट कुठे आहे, खिळा कुठे वर आलाय, कार्पेटला चुणी कुठे पडलीय, हे डोळ्यांपेक्षा तळव्याला लवकर कळतं. तिथे पांढऱ्या टेपची फुली मारून ठेवा. मंडपवाला हसेल. हसू द्या.

लागवडीचे अंतर

दोन पायांत खांद्याएवढं. पुढचा पाय किंचित तिरका. पट्टा इतकाच खाली, की गिटार बसल्यावर जिथे येते साधारण तिथेच उभं राहिल्यावरही येईल. ती गुडघ्यावर लोंबकळली की फोटो झकास येतो आणि बारकॉर्ड लागत नाही. घरी बसून सराव करणाऱ्यांचं पीक मंचावर हमखास जळतं ते याच कारणानं. मनगटाचा कोन बदलतो आणि रोज वाजवलेलं गाणं परकं होतं. कार्यक्रमाआधीचे काही दिवस तरी उभं राहूनच वाजवा. आरशासमोर वाजवा. घरचे विचारतील, त्यांना सांगा.

केबल वीस फुटी घ्या. दहा फुटी घेतली तर तुमचं स्वातंत्र्य दावणीला बांधलेल्या कालवडीएवढं. पिन गिटारला लावण्याआधी वायर पट्ट्यामधून एक वळसा घालून घ्या. म्हणजे कुणी वायरीवर पाय दिला तर ओढ पट्ट्याला बसते, पिन निघत नाही. आणि पाय देणारच. फोटोग्राफर देतो, निवेदक देतो, स्टेजवर चढलेलं कुणाचं तरी पोरगं देतं.

पाणी व वीज

इथे थोडा वेळ विनोद बाजूला ठेवू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरचं अर्थिंग नीट नसेल, किंवा माईकच्या सिस्टीमची लाईन कुठे तरी उतरत असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागताच वीज तुमच्यातून वाट काढते. लेस हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक मे १९७२ मध्ये स्वॉन्सीच्या मंचावर, हजारभर लोकांसमोर, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला. ते वेल्समधलं बांधीव सभागृह होतं. आपल्याकडे वीज डांबावरच्या आकड्यावरून येते की जनरेटरवरून, हे मंडपवाल्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं.

तेव्हा आल्या आल्या मंडपवाल्याला एकच प्रश्न विचारायचा : "अर्थिंगचा रॉड कुठंय, दादा?" त्यानं बोट दाखवलं तर तिथे जाऊन बघा. रॉड कोरड्या मातीत नुसता टोचलेला असेल तर बादलीभर पाणी ओता, मीठ मिळालं तर तेही टाका. मग टेस्टर काढा आणि माईकच्या जाळीला लावा. दिवा लागला तर त्या माईकजवळ जायचं नाही, मग गायिका कितीही हात करून बोलावू दे. माईकला स्पंजची टोपी घाला, पायात रबरी तळव्याचे बूट घाला. अनवाणी वाजवणं परदेशी पोस्टरवर शोभतं.

आंतरमशागत, म्हणजे प्रत्यक्ष हालचाल

परदेशी वाणांची यादी मोठी आहे आणि आपल्या हवामानात बहुतेक वाण टिकत नाहीत. चक बेरी एका पायावर उड्या मारत बदकासारखा मंचभर फिरायचा. ही बदकचाल भाड्याच्या शेरवानीत करू नये. शिवण कुठे उसवते हे सगळ्यांना दिसतं. पीट टाउनशेंड हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवून तारांवर आणायचा. आपल्या मंचावर त्या घेरात की-बोर्डवाल्याचं डोकं येतं. याच टाउनशेंडची गिटार १९६४ साली लंडनजवळच्या हॅरोमधल्या एका बुटक्या छताला लागून मोडली, लोक हसले, म्हणून त्यानं ती पुरती फोडली आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. जिमी हेंड्रिक्सनं तर १९६७ साली माँटेरेच्या महोत्सवात गिटार पेटवली. राहुरीत ही दोन्ही कामं करण्याआधी गिटारचे हप्ते फिटले आहेत का, आणि मंडपाचं कापड कशाचं आहे, एवढं बघून घ्यावं.

मुळात एवढ्या लांब जायची गरज नाही. पट्टा गळ्यात घालून, तंतुवाद्य छातीशी धरून, उभ्यानं वाजवणारा माणूस या जिल्ह्याला गिटार येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तो म्हणजे सप्ताहातला विणेकरी. गंगागिरी महाराजांच्या सराला बेटाच्या सप्ताहाला किंवा गावच्या कुठल्याही सप्ताहाला जा आणि त्याच्याकडे नीट बघा. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही; एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाऱ्यागणिक. विणेकरी फारसा हलत नाही. बोट तारेवर, नजर समोर, वजन या पायावरून त्या पायावर, बस. भोवती पन्नास टाळकरी पावली खेळत असतात, पखवाजवाला अंगात आल्यासारखा झुलत असतो, आणि तरीही माणसं पाया पडायला येतात ती विणेकऱ्याच्या. मंचावरचा वावर म्हणतात तो हा. गायकाच्या शेजारी वाद्य घेऊन उभं राहायचं आणि उपरं दिसायचं नाही, ही विद्या त्याला येते. तो बोटांकडे बघत नाही, एवढंच पाहून आलात तरी चालेल. गिटारच्या दांडीत तोंड खुपसून वाजवणाऱ्याचा समोरून फक्त भांग दिसतो.

दुसरी शाळा तमाशाची. गण-गवळणीत मागे उभ्या राहणाऱ्या तुणतुणेवाल्याकडे एकच तार असते. तेवढ्या भांडवलावर तो झील ओढताना दोन पावलं पुढे येतो, जी जी रं जी झालं की दोन पावलं मागे जातो. कधी पुढे यायचं हे बहुतेकांना कळतं. मागे कधी जायचं ते कळायला तुणतुणेवाल्याजवळ बसावं लागतं. गिटारवाल्यानं हीच पद्धत उचलावी : मुखडा चालू असताना आपल्या जागी, कडवं संपून आपला तुकडा आला की दोन पावलं पुढे, तुकडा संपला की परत. तुकडा चार मात्रांचा असेल तर पुढे येऊ नये, कारण पोचेपर्यंत संपतो.

वारकरी पावलीही शिकून ठेवा. डावा पाय, उजवा पाय, उडी, वळण. चार पोरांनी एकत्र केली की कुठल्याही गाण्यावर बसते आणि पहिल्या रांगेतले म्हातारे खूश होतात.

तणनियंत्रण

पिकात नको त्या जागी, नको त्या वेळी उगवतं ते तण. आपल्या मंचावर त्याला सत्कार म्हणतात. नगर जिल्ह्यात सहकार खोल रुजलेला असल्यामुळे समोर बसलेल्या दर तिसऱ्या माणसाला 'चेअरमन' म्हणून हाक मारली तर एखादी तरी मान वळतेच. तुमचा तुकडा सुरू होतो त्याच क्षणी निवेदक गाणं थांबवतो आणि सोसायटीचे चेअरमन, दूध संस्थेचे चेअरमन, माजी चेअरमन असे क्रमानं मंचावर येतात. मागून आवाज येतो, "गिटारवाले, जरा मागं सरका." सरका. चिडू नका, आणि सरकताना गिटारची दांडी उभी धरा. आडवी राहिली की तिचं टोक नेमकं फेट्याला लागतं. शाल-श्रीफळ चालू असताना मागे हळूच एक संथ सूर वाजवत राहा. ऑपरेटरनं बाकी सगळे आवाज बंद केलेले असतात, तेव्हा संध्याकाळभरात तुमची गिटार स्पष्ट ऐकू येते ती इथेच. चेअरमनला वाटतं ते त्यांच्यासाठी आहे. वाटू द्या, पुढच्या कार्यक्रमाची सुपारी तेच देतात.

कीड

हा तालुका उसाचा आणि हुमणीचा. वळवाचा किंवा जूनचा पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात, कडुलिंबावर, बाभळीवर जातात. त्यांच्यासाठी शेतात प्रकाश सापळा लावायची शिफारस आहे. दिव्यांच्या माळांनी लखलखणारं स्टेज हा तालुक्यातला सर्वात मोठा प्रकाश सापळा, आणि त्यात पकडले जाता ते तुम्ही. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा भुंगेरा येतो, दांडीवर पाचव्या पट्टीशी बसतो आणि बरोबर तिथेच तुम्हाला पुढचा कॉर्ड धरायचा असतो. झटकू नका, गायिकेच्या केसांत जाईल. मधल्या बोटानं बाजूला सारा, आणि ते करताना चेहऱ्यावर तन्मयता ठेवा. लांबून पाहणाऱ्याला ती नजाकत वाटते. जून ते सप्टेंबर तोंड मिटून भाव व्यक्त करायची सवय लावा. सूर लागल्यावर आ करायची सवय असलेल्यांनी गणेशोत्सवाआधी ती मोडावी.

काढणी

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहानंतर आवाज बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत मिळू शकते, आणि तो दिवस तुमच्या कार्यक्रमाचा असेलच असं नाही. पावणेदहाला हवालदार मंडपाच्या कडेला येऊन उभे राहतात, आणि शेवटच्या गाण्यानंतर दहा मिनिटांत दिवे जातात, ट्रॉल्या सुटतात, संयोजकांचा फोन लागत नाही. इसार मिळालेला असतो, बाकी राहिलेली असते. म्हणून शेवटच्या गाण्याआधी, गर्दी जागेवर असताना आणि आरोळ्या चालू असताना, गिटार गळ्यात ठेवूनच खाली उतरा, बाकी मागा, मोजून घ्या, आणि मगच 'झिंगाट' सुरू करा.