फोनला वायर जोडण्यापूर्वी

ग्राहकाचा स्क्रीनशॉट येतो: मोबाइलवर 'पैसे भरा' हे बटणच दिसत नाही. अशा वेळी डगमगू नये. 'माझ्याकडे तर दिसतंय' असे तत्काळ कळवावे आणि पुरावा म्हणून आपला स्क्रीनशॉट जोडावा. तो संगणकावरच्या क्रोममध्ये एफ-१२ दाबून, फोनच्या चिन्हावर क्लिक करून मिळतो. यादीतून आयफोन निवडला तरी आत सफारी येत नाही, क्रोमच असतो. पण साहेबांनी विचारल्याशिवाय हे सांगू नये.

ग्राहक चिवट निघाला, तर नाइलाजाने खरा अँड्रॉइड फोन हाती घ्यावा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' गाठून 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारावी (काही फोनांत हा नंबर आणखी खोल दडवलेला असतो). आपण डेव्हलपर झाल्याचे फोन लगेच जाहीर करतो. इंजिनिअरिंगची फी भरलेल्या वडिलांसमोर हा विधी करू नये. मग 'यूएसबी डीबगिंग' चालू करावे.

आता वायर. काही वायरींत डेटाच्या तारा नसतातच. अशी वायर लावली की फोन मजेत चार्ज होतो आणि संगणकाला त्याची खबरही नसते. आधी मनसोक्त ड्रायव्हर बदलावेत, मगच शेजारच्या टेबलावरची वायर मागावी. परवानगी विचारणारी चौकट फोनवर उमटते, म्हणून मॉनिटरकडे एकटक पाहत 'अनऑथोराइज्ड'चा अर्थ लावत बसावे.

हेही पार पडल्यावर क्रोममधल्या 'इन्स्पेक्ट'च्या पानावर फोनचे नाव झळकते. फोनमधले पान संगणकावर दिसू लागते, माउसने त्यावर टिचक्याही मारता येतात. फोनवर लोकलहोस्ट उघडत नसेल तर रागावू नये. फोनच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. 'इन्स्पेक्ट'च्या त्याच पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये आपल्या सर्व्हरचा पोर्ट, उदाहरणार्थ ३०००, भरावा.

आणि तरीही बटण व्यवस्थित दिसते! कारण या आरशात फक्त पान येते. फोनवरची ॲड्रेस बार आणि कीबोर्ड येत नाहीत. पानाची उंची आपण १००व्हीएच दिलेली असते. मोबाइल क्रोम ती ॲड्रेस बार लपलेली आहे असे धरून मोजतो. बार वर ठाण मांडून बसली, की तळाचे बटण तेवढेच पडद्याखाली घसरते. म्हणजे गुन्हेगार आरशात न येणारा. संपूर्ण पडदा पाहायचा तर 'एससीआरसीपीवाय' हे फुकट साधन आहे, किंवा मान खाली घालून हातातला फोनही पाहता येतो, पण तो मार्ग फारसा तांत्रिक वाटत नाही.

उपाय म्हणून उंचीला १००डीव्हीएच लिहावे. २०२२पासून क्रोम आणि सफारी दोघांनाही ते कळते. जुन्या फोनांसाठी आधीची ओळ वर तशीच ठेवावी, आणि दुरुस्तीला दोन दिवस लागतील असे कळवावे.

ग्राहकाकडे आयफोन असेल, तर सफारीच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंग्जमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू करावा लागतो आणि पलीकडे मॅक लागतो. तो ऑफिसात बहुधा डिझायनरकडेच असतो. त्याच्या रंगसंगतीला आजपासूनच छान म्हणायला लागावे.