न उघडणाऱ्या प्रोग्रामचे निदानशास्त्र

जुन्या संगणकावर एखादा प्रोग्राम सुरू होत नसेल, तर त्याच्या चिन्हावर दोनऐवजी आठ वेळा आणि जरा जोर लावून क्लिक करावे, हा या शास्त्रातील पहिला लोकमान्य सिद्धान्त होय. त्याने प्रोग्राम उघडत नाही, मात्र मूळचे एक ओझे न पेलणाऱ्या यंत्रावर तीच आज्ञा चारदा लादली जाते आणि ते हँग होते. दुसरा सिद्धान्त व्हायरसचा. तिसरा दुरुस्तीला आलेल्या तज्ज्ञाचा असून तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ या तीन शब्दांत सामावलेला आहे. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचे सर्व काही पुसून विंडोज नव्याने घालणे, आणि हा उपाय रोग न ओळखताही करता येत असल्याने तो विशेष लोकप्रिय आहे.

वस्तुतः यंत्र कारण सांगत असते, फक्त भलत्याच शब्दांत. ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ या संदेशातील डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायची फाइल. वेगळे निघालेल्या भावाने सामाईक पाटा-वरवंटा उचलून न्यावा आणि उरलेल्यांची चटणी अडावी, तसे एक प्रोग्राम काढून टाकताना ही फाइलही जाते आणि दुसरा बसून राहतो. अशी फाइल कोठून तरी उतरवून घेण्यापेक्षा तो प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करणे शहाणपणाचे असते. ‘हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ हा संदेश तर निव्वळ उद्धट म्हणावा लागेल, कारण प्रोग्राम बहुधा पूर्णपणे वैध असतो, केवळ ६४ बिटांच्या किंवा नव्या विंडोजसाठी लिहिलेला असतो. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी जुन्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा काढून घेतला, तरी अनेक कचेऱ्यांतील एक्सपीला ही वार्ता कोणी कळवलेली दिसत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण टर्बो पास्कलचे आहे. त्या भाषेतील अनेक प्रोग्राम सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आल्यावर भागाकाराचे उत्तर १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागाकार, असे सांगून प्रोग्राम जागीच मान टाकी. भाजकाचे शून्याशी काडीचेही नाते नसे. दोष एवढाच, की संगणक पुरेसा जुना नव्हता.

महाराष्ट्रातील छापखान्यांत ही गोष्ट वेगळ्या रीतीने कळलेली आहे. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तिच्यासोबत चालणाऱ्या मराठी फॉन्टच्या कित्येक प्रोग्रामांना पॅरलल पोर्टमध्ये खोचलेला डोंगल, म्हणजे किल्लीसारखे काम करणारा छोटा प्लग, सापडल्याशिवाय ते उघडत नसत. नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. परिणामी लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची जुनी पाने सांभाळणारे एखादे पिवळट यंत्र ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठीसह कोपऱ्यात टिकून राहते, आणि दसऱ्याला त्याची हळदकुंकू, झेंडू वाहून पूजा होते, तेव्हा काही पाकळ्या पंख्याच्या जाळीतून आत जातात, हा अर्थात स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

सर्वांत उपेक्षित कारण मात्र मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचे. २० मिलिमीटर व्यासाची आणि ३.२ मिलिमीटर जाडीची असल्यामुळे तिला सीआर २०३२ म्हणतात. ती संपली, की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला अजून जन्मालाच न आलेली वाटतात आणि बँकेचे पान असुरक्षित ठरते. तेव्हा फॉरमॅटला संमती देण्यापूर्वी वाचकांनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील तारीख एकदा वाचावी, आणि ती मागची निघाल्यास आधी बॅटरी बदलून घ्यावी.