डावी, उजवी आणि टेल

पैठणात दोन माणसं भेटली की रामरामाच्या आधी धरणाचे टक्के विचारतात. आमचे शेजारी आप्पा तर कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. पावसाळ्यात त्यांना जेवायला फुरसत नसते. नाथसागर किती भरला, वरून आवक किती, २७ दरवाज्यांपैकी किती उघडले, हे ते गल्लीला विचारायच्या आधीच सांगतात. एकदा धरण भरलं, दरवाजे बंद झाले आणि आकडा हलेनासा झाला की आप्पा सैरभैर होतात.

होणारी कुठलीही गोष्ट आपल्या देखरेखीशिवाय होऊ नये, असा त्यांचा स्वभाव आहे. नाथषष्ठीला पिढ्यान्‌पिढ्या वाट पाठ असलेल्या दिंड्या येतात. आप्पा चौकात उभं राहून त्यांना “इकडून, इकडून” करत हात दाखवतात. शेजारच्या घरात कुकर लागला की शिट्ट्या हे मोजतात आणि तिसरीला भिंतीपलीकडून “बंद करा!” म्हणून ओरडतात. त्या घरात डाळ चार शिट्ट्यांची असते.

यंदा पोळ्याच्या सुमारास त्यांनी तांबड्या, ऱ्होड आयलंड रेड जातीच्या सहा तलंगा आणल्या. बिडकीनच्या पाहुण्यांना सरकारी योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा गट मिळाला होता. “तुमच्याच्यानं एवढ्यांवर लक्ष राहायचं न्हाई,” असं म्हणून आप्पांनी त्यातल्या सहा उचलल्या. पाहुणे काही बोलले नाहीत. आप्पांपुढे सहसा कुणी बोलत नाही.

नावं खात्यातलीच ठेवली. पैठणचे दोन कालवे, म्हणून दोघी डावी आणि उजवी. पुढच्या दोघी आपेगाव आणि हिरडपुरी, गोदावरीवरच्या बंधाऱ्यांवरून. पाचवी चारी. सहावी अंगानं बारकी, दाण्याला कायम शेवटी पोचणारी. तिचं नाव टेल. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या टेलला पाणी कधी पोचतं हे आप्पांना विचारायचं नसतं. विचारलंच तर ते चष्मा पुसायला घेतात.

मार्गशीर्षात तलंगांचे तुरे लालबुंद झाले आणि आप्पांनी नवी वही घातली. रकाने आखले: तारीख, तुरा, बोटं, टक्के. बोटं म्हणजे कोंबडीच्या मागच्या बाजूच्या दोन हाडांमध्ये बसणारी बोटं. अंडं जवळ आलं की ती हाडं फाकतात. एक बोट बसलं तर अवकाश आहे, दोन बसली तर आता बघा. हे शास्त्र खरं आहे, पण ते चहाच्या वेळी पाहुण्यांसमोर एकेक कोंबडी काखेत धरून सांगायलाच हवं असं नाही. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींना पहिला प्रश्न आला तो असा: “हिरडपुरी अडीच बोटं झाली. बघता का?” मंडळींनी बघितली. काय करतील?

त्यानंतर पाठीवरची परीक्षा. वयात आलेल्या तलंगेच्या पाठीवर हात टेकवला की ती पंख जरा पसरून खाली बसते. आप्पा येता-जाता हात टेकवत. बसली की वहीत दहा टक्के वाढत. हिवाळ्यात दिवस लहान, आणि अंड्यावर यायला कोंबडीला चौदाएक तास उजेड लागतो. म्हणून खुराड्यात बल्ब आला. लाईट गेली की आप्पा बॅटरी घेऊन बाहेर येत आणि सहाही जणींवर आळीपाळीने झोत टाकत. कोंबड्या त्यांच्याकडे बघत, आप्पा कोंबड्यांकडे, आणि खिडकीतून आम्ही त्या सगळ्यांकडे.

अंडी घालायची जागाही त्यांनी तयार केली. तीन घमेली, त्यांत सोयाबीनचं भुसकट, प्रत्येकात गोदावरीतला एकेक गुळगुळीत गोटा. अंडं समजून कोंबडी तिथेच बसेल, हा हिशेब. तलंगांनी घमेली पाहिली, चोच मारून गोटा बाहेर काढला आणि त्या दुसरीकडे निघाल्या.

पौष लागला तसं त्यांचं हिंडणं वाढलं. डावी भाड्याचं घर बघायला निघालेल्या बाईगत कोपरान्‌कोपरा बघून नापसंत करायची. जिन्याखाली मान घालायची, स्कूटरच्या पायदानावर चढून उतरायची, लाकडांमागे जाऊन बसायची, अंगाखालची काडी उचलून पाठीवर टाकायची, जागच्या जागी फिरून छातीनं खळगा करायची आणि तो झाला की उठून चालती व्हायची. मधूनच एक लांब, तक्रारीचा सूर काढायची आणि त्यामागे दोन-चार तुटक. आप्पा मागे मागे, हात पाठीशी बांधून. “बघायलीय. बघू द्या. कुणी बोलू नगा.” समोरच्या काकांनी एकदा सहज म्हटलं, “खुडूक झालीय वाटतं.” आप्पा भयंकर दुखावले. “अहो, खुडूक हुती ती अंडी घातल्यावर! हिचं अजून पहिलंच यायचंय!” दोन दिवस काकांना धरणाचे टक्के कळले नाहीत.

मी कुठेतरी वाचलं होतं ते त्यांना सांगितलं. एडिंबरोच्या वुड-गश नावाच्या अभ्यासकानं १९६० च्या दशकात गिल्बर्ट या सहकाऱ्याबरोबर कोंबड्यांवर प्रयोग केले. घरटं हुडकायची ही ओढ आज पोटात असलेल्या अंड्यामुळे लागत नाही. आदल्या दिवशी अंडाशयातून बलक सुटतो, मागे त्याची रिकामी पिशवी उरते, आणि ओढ तिच्याकडून येते. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसएक कवचालाच जातात. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. “म्हंजी आवर्तन काल सुटलं, पाणी आज पोचलं. आमच्या खात्यात हे १९७६ पासून ठाऊक हाय.”

आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, माळकरी. अंड्याला हात लावत नाहीत, खुराड्याकडे फिरकत नाहीत. तुळशीपाशी वाती वळत त्या हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “मला तीन लेकरं झाली. तिन्ही टायमाला हे कालव्यावर. इचारा, एकदा तरी आले का?”

आप्पा वहीत बघत म्हणाले, “रब्बीचं आवर्तन चालू हुतं.”

“तिन्ही टायमाला?”

“धाकटीच्या टायमाला उन्हाळी.”

काकूंनी वात वळून झाली की पुढची घेतली. आप्पा उठले आणि उगाच हिरडपुरीच्या पाठीवर हात टेकवून आले.

डावी पंच्याण्णव टक्क्यांवर आठवडाभर अडून होती. उजवी नव्वद. आप्पांची झोप उडाली. अशात एका सकाळी आमच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. उन्हाळा संपल्यावर आम्ही कूलर भिंतीला लावून ठेवतो, एक बाजू उघडीच. आतल्या कोरड्या टाकीत पट्ट्यांचं जुनं गवत गळून पडलेलं. त्यात टेल बसली होती. वहीत तिचे टक्के होते चाळीस.

आप्पा चपला न घालता आले. टेल उठली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली आणि दाण्याला निघून गेली. मागे फिकट तपकिरी, लिंबाहून थोडंसं मोठं अंडं. आप्पांनी ते रुमालात घेतलं आणि तडक पेठेत सोनाराच्या काट्यावर नेलं. चौतीस ग्रॅम भरलं. सोनारानं घडणावळ विचारली म्हणे.

परत आल्यावर ते आमच्या ओट्यावर टेकले. “सगळी नोकरी कालव्यावर गेली,” म्हणाले, “पण टेलला पहिलं पाणी पोचल्याचं म्या कधी बघितलं न्हाई.” चष्मा पुसला. या वेळी मी काहीच विचारलं नव्हतं. वहीत नोंद झाली: “टेल. विसर्ग सुरू.” मग अंडं कुणाचं, यावर दोन्ही घरांत थोडी चर्चा झाली. कोंबडी त्यांची, कूलर आमचा. आप्पांनी निकाल दिला, की अंडं टाकीतच राहील. गोट्याला न फसलेल्या निदान त्याला तरी फसतील. त्या फसल्या. आठ दिवसांत चारी आणि आपेगावही आमच्या कूलरमध्ये रांगेनं येऊ लागल्या. घमेली अजून रिकामी आहेत.

आता फाल्गुन लागलाय, दुपारी पत्रा तापतो. कूलरला नव्या पट्ट्या आणल्या आहेत, त्या माळ्यावर पडून आहेत. परवा विषय काढला तर आप्पा म्हणाले, “चालू आवर्तनात गेट पाडता व्हय? खाली किती जणी अवलंबून हायेत!” काकूंनी मात्र हिला बोलावून सांगितलं, “ऊन वाढलं तर दुपारचं आमच्याकडं येत जा गं. आमचा कूलर मोकळा हाय.”

त्या मोकळ्या कूलरभोवती काल डावी दोनदा फिरून गेली. आप्पांनी सत्त्याण्णव लिहिलेत.