लाल स्केचपेनवाल्या साहेबांना

प्रति,
मा. प्रेरक वक्ते, लाइफ कोच, लेखक व माइंड ट्रेनर
(चारही पदव्या आपल्याच कार्डावरून उतरवून घेतल्या आहेत.)

विषय : एका फॉर्मवर मारलेली काट.

महोदय,

गेल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या पतसंस्थेच्या वरच्या हॉलमध्ये आपलं व्याख्यान झालं. मार्चएंडमधून आम्ही नुकती कुठे मान वर काढली होती. सुट्टी होती, तरी झाडून सगळे आलो, कारण दारात हजेरीपट ठेवला होता. आपण आम्हाला ‘मी करू शकतो’ असं तीनदा ओरडायला लावलंत. ओरडलो. शेजाऱ्याला मिठी मारायला सांगितलीत. माझ्या शेजारी वसुली अधिकारी होते, तरी मारली. स्पीकरने कान बधिर झाले, तेही सोडून देतो. माझी तक्रार त्या छापील फॉर्मपुरती आहे : ‘माझं पाच वर्षांचं ध्येय’.

आमच्या मावशी झाडलोट, चहा, टपाल सगळं बघतात. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांचा फॉर्म मी भरला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो : ‘घरावर पत्रे घातले त्या कर्जाचे १४,४०० राहिलेत. महिन्याला १,२०० आणि वर व्याज. पुढच्या पाडव्याला खातं निल.’ ‘निल’ हा शब्द त्यांचाच. पंचवीस वर्षं काउंटरमागे चहा दिल्यावर माणूस एवढं शिकतो.

आपण फिरत फिरत आलात, तो फॉर्म उचललात आणि माइकवर वाचलात. हॉल हसला. आपण म्हणालात, ‘मावशी, कर्ज फेडणं हे काय ध्येय झालं? स्वप्नात तरी कंजुषी करू नका!’ मग खिशातून लाल स्केचपेन काढून आडवी काट मारलीत आणि खाली लिहिलंत : ‘१ कोटी’. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. समोर चेअरमन बसलेले, दुसरं काय करणार?

मग आपण येल विद्यापीठाचा दाखला दिलात. १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांकडे बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती निघाली! टाळ्या झाल्या. रात्री मी शोधलं. ‘फास्ट कंपनी’ नावाच्या अमेरिकी मासिकाने १९९६ मध्येच या गोष्टीचा माग काढला होता. असा अभ्यास झाल्याचं खुद्द येलमध्येच कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे न झालेला व्यवहार कीर्दीत घातला की चौकशी लागते. आपल्या धंद्यात टाळ्या मिळतात.

‘स्मार्ट’ ध्येयांची पाटीही आपण पडद्यावर दाखवलीत. ही आद्याक्षरं जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक मासिकात मांडली. त्यांच्याकडे ‘ए’ म्हणजे असाइनेबल, काम कोण करणार ते ठरलेलं असणं. पुढे लोकांनी त्याचं अचीव्हेबल केलं, म्हणजे आवाक्यातलं. आपण केलंत अ‍ॅम्बिशस. आणि ‘आर’ म्हणजे रिअ‍ॅलिस्टिक, तो आला तेव्हा म्हणे वेळ संपली होती.

त्याच १९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात मागे पडलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं सोडवायला दिली. सात बैठका होत्या. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत सगळी बेचाळीस. सहा-सहावाली मुलं वजाबाकीत पुढे गेलीच, शिवाय ‘आपल्याला हे येतं’ असा विश्वासही त्यांना जास्त वाटू लागला. मावशींचे हप्ते बारा आहेत. बांडुरांचं नाव त्यांच्या कानावर कधी गेलेलं नाही.

आणि साहेब, आपण हे बोललात कुठे? पतसंस्थेत! या इमारतीची वीट न् वीट पिग्मीच्या पैशातली आहे. भाजीवाला रोज पन्नास देतो, पंक्चरवाला वीस. पिग्मी सुरू झाली १९२८ मध्ये उडुपीला, सिंडिकेट बँकेच्या मूळ संस्थेत, रोज दोन आणे घेऊन. ‘दोन आणे हे काय ध्येय झालं?’ असं तेव्हा कुणी माइकवर विचारलं असतं तर आज मी कुठल्या काउंटरवर बसलो असतो, सांगा.

आता उपरोध आवरतो आणि सरळ लिहितो. ज्या बाईला स्वतःचं देणं रुपयापर्यंत पाठ आहे, फेडायचा महिना पाठ आहे, तिच्या हिशेबावर काट मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मावशींचा तो कोटी पाच वर्षांनी आला नाही, तर आपण दुसऱ्या हॉलमध्ये असाल. आणि त्यांना वाटत राहील, आपणच कुठेतरी कमी पडलो. अक्षर माझं होतं, म्हणून मला एवढं झोंबलं असंही असेल. असू दे.

पण कार्यक्रमानंतरचंही लिहायला हवं. सगळे जेवायला खाली गेले, तेव्हा आपण माझ्या टेबलाशी आलात. वर घुमणारा आवाज एकदम बारीक झाला होता. ‘मानधन रोख मिळेल का? गाडीचा हप्ता आज आहे, चेक वटायला सोमवार-मंगळवार उजाडेल.’ मी म्हणालो, दहा हजारांवर रोख देता येत नाही, ऑडिटला अडकतं. आपण म्हणालात, ‘नऊ हजार आठशे चाळीस हवेत फक्त.’ चाळीससुद्धा पाठ होते! साहेब, त्या क्षणी आपण मला मावशींचे सख्खे भाऊ वाटलात. पण मानधनाचे दोन तुकडे करता येत नव्हते. चेक द्यावा लागला, याचं खरंच वाईट वाटलं. बाउन्सचा दंड किती बसला, विचारवत नाही.

मावशींनी सोमवारी नवा फॉर्म मागितला. नाही म्हटलं, तर पिग्मीच्या पावतीच्या पाठीवर तोच मजकूर माझ्याकडून परत लिहून घेतला. हप्ता भरला. मुद्दल शिल्लक १३,२००. आपल्या न खपलेल्या पुस्तकांचा गठ्ठा इथेच राहिलाय, येऊन न्यावा. एक प्रत कमी भरेल. झेरॉक्स मशीन डुगडुगत होतं.

कळावे,
आपला,
रोखपाल

सोबत : पिग्मी खात्याचा फॉर्म, १ प्रत. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स आणावी. गाडीच्या हप्त्यासाठी रोजचे किती होतात ते पेन्सिलीने लिहून ठेवलंय.