योजना, मेडिक्लेम की कॅश?

मामाच्या छातीत कळ आली म्हणून रिक्षात घालून नेलं, तर काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न हा. वडापाववाला 'चटणी तिखट की गोड' विचारतो, त्याच सुरात. दुखतंय कुठे, ते नंतर.

मी भाबडेपणाने विचारलं, "खर्च किती येईल?"

"तेच विचारतेय ना सर!"

खरंच होतं तिचं. धमनी एक, गुठळी एक, डॉक्टर एक. भाव तेवढे तीन.

मामाकडे केशरी रेशन कार्ड, म्हणजे योजनेतला माणूस. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली ती दीड लाखाचं कव्हर घेऊन. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान आली, आता आकडा पाच लाखांवर गेलाय. आकडा वाढला की फ्लेक्स लागतात. पण हॉस्पिटलच्या हाती पडतं ते त्या उपचाराचं सरकारने बांधलेलं पॅकेज, आणि पॅकेजचा आकडा काही फ्लेक्सवर नसतो. तो परवडत नाही, वर पैसे उशिरा येतात, अशी डॉक्टरांची ओरड आहे आणि ती सगळीच खोटी नाही. त्यावरचा तोडगा मात्र मामाच्या माथी: "योजनेचे बेड फुल आहेत काका. सेमी-स्पेशलला एक आहे, पण तो कॅशमध्ये."

जे पॅकेज परवडतं त्याचे रोगी अचानक वाढतात, ही दुसरी गंमत. गंमत कसली! 30 हजारांचं कव्हर देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, तेव्हा 2012 मध्ये छत्तीसगडात गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याचं उघडकीस आलं. दर सरकारने बांधला होता, कात्री कुणी बांधली नव्हती.

असो. मामाला स्टेंट बसला, कॅशमध्येच. एकेकाळी लाखाच्या घरात विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने 29,600 रुपयांवर आणून ठेवला. बिलात स्टेंटची ओळ अगदी कायद्यात बसणारी, सोवळ्यातली. तिच्या खाली कॅथलॅब चार्जेस, कन्झ्युमेबल्स, मॉनिटरिंग आणि 'इतर'. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडून वर येतो, हे अँजिओप्लास्टीवाल्यांना कुणी शिकवायला नको.

"हे 'इतर' म्हणजे काय हो?" मामाने विचारलं.

"मेडिक्लेम असता तर कळलंही नसतं काका," मुलगी समजूत घालत म्हणाली.

दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, असा राज्याचा 2021 पासूनचा नियम आहे. म्हटलं, बघू तरी. होतं ना! रबराच्या झाडाच्या कुंडीमागे. पानं बाजूला सारून मामा वाचायला वाकला, तेवढ्यात सिक्युरिटीवाला ओरडला, "ओ काका, झाडाला हात नको!"

बाहेर गेटवर मात्र पिवळ्या पाटीवर हातभर अक्षरात लिहिलेलं: दुचाकी 10 रुपये, चारचाकी 30. पावती फाडताना पार्किंगवाल्याने कार्ड कोणतं ते विचारलं नाही.